कासवाच्या दस्तरखानावर काय असावं?

जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यातली गोष्ट. पाचवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत डबा घेऊन आमच्यासमोर उभा राहिला. डबा जेवणाचा होता, आत मात्र ओल्या फडक्यावर एक कासव ठेवलेलं. दहाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, हिरवट, कानाजवळ लाल पट्टा. दोन्ही डोळे सुजून पांढुरके झालेले. "सर, ये आँख खोलताच नै. दूसरेवाला कल मर गया," मुलगा म्हणाला. पुढे एक क्षण थांबून त्याने विचारलं, "मैंने मारा क्या उसको?"

वीस वर्षांच्या नोकरीत मुलांच्या बऱ्याच प्रश्नांनी आम्हाला निरुत्तर केलंय, पण हा प्रश्न वेगळा होता. संध्याकाळी बिडकीनमधल्या त्यांच्या घरी गेलो तेव्हा सगळी हकिकत कळली. रमजान ईदला जमलेल्या ईदीतून मामूंनी शहरातल्या एका दुकानातून दोन कासवं घेऊन दिली होती. सोबत एक प्लास्टिकचं भांडं, त्यात हिरवं प्लास्टिकचं झाड आणि वाळलेल्या झिंग्यांसारख्या किड्यांची एक डबी. "रोज चार-पाच टाका, बाकी काही लागत नाही. हे एवढंच राहतं, वाढत नाही," असं दुकानदाराने सांगितलेलं. डबी संपली तशी दादीने मुरमुरे टाकले, अम्मीने पोळीचे तुकडे टाकले. बकरी ईदला तर कासवांचीही ईद झाली: आठवडाभर कच्चा खिमा. डोळे सुजले तेव्हा दादीने गुलाबपाण्याचे थेंब घातले. घरात कोणी दुष्ट नव्हतं, कोणी निष्काळजीही नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या परीने खाऊच घातलं होतं.

आणि इथे आमचीही एक कबुली. दोन वर्षांपूर्वी प्राण्यांचा पाठ शिकवताना "कासव सर्वभक्षी आहे, काहीही खातं" असं आम्हीच फळ्यावर लिहिलं होतं. परीक्षेला ते चालतं, कासवाला चालत नाही. म्हणून या महिन्याचं सदर कासवाच्या जेवणावर. शहरातल्या ज्या पशुवैद्य डॉक्टरांकडे त्या मुलाला घेऊन गेलो त्यांनी दोन तास वेळ दिला. त्यांच्याकडून आणि पुढे वाचून जे समजलं ते इथे सांगतो.

आधी कवचाबद्दल. उर्दूत कासवाला कछुआ म्हणतात, तसा संगपुश्त असाही एक जुना फारसी शब्द आहे. संग म्हणजे दगड, पुश्त म्हणजे पाठ. शब्द सुंदर आहे, पण त्याने फसायला होतं. कासवाची पाठ दगड नाही. ती त्याच्या बरगड्या आणि कणा मिळून झालेलं हाड आहे आणि त्यावर आपल्या नखांच्या जातीचं पातळ आवरण असतं. म्हणजे आपल्या आतला सांगाडा कासव बाहेर मिरवतं. हाड म्हटलं की कॅल्शियम आलं. बाळंतिणीला आपण डिंकाचे लाडू आणि दूध का देतो, ते घरातल्या बायकांना सांगावं लागत नाही. कासवाचं पिल्लू तर घरच वाढवत असतं, अंगावरचं. त्याला कॅल्शियम कमी पडलं तर कवच दाबल्यावर दबतं, पाय वाकतात, जबडा मऊ होऊन खाताच येत नाही.

खिम्याने नुकसान झालं ते इथेच. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच. शरीराला दोन्ही ठरावीक प्रमाणात लागतात, कॅल्शियम साधारण दुपटीने हवं. नुसतं मांस मिळालं की शरीर हिशेब जुळवण्यासाठी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढू लागतं. नदीतलं कासव मांस खातं हे खरं, पण ते छोटा मासा काट्यांसकट खातं, गोगलगाय शंखासकट खातं. आपण त्याला बोटी साफ करून देतो, म्हणजे त्याच्या कामाचं तेवढं काढून टाकतो!

डोळे सुजण्याचं कारण वेगळं, अ जीवनसत्त्वाचा अभाव. त्या वाळलेल्या किड्यांत ते नसल्यासारखं, मुरमुऱ्यात नाही, पोळीत नाही, खिम्यातही नाही. ते नसलं की पापण्या सुजतात, डोळ्यात घाण साचते. कासव अन्न शोधतं ते डोळ्यांनी. दिसेनासं झालं की खाणं थांबतं, खाणं थांबलं की सूज आणखी वाढते. पहिलं कासव याच फेऱ्यात गेलं. गुलाबपाण्याने त्याला अपाय झाला नाही, उपायही झाला नाही. डॉक्टर म्हणाले, अशा वेळी घरी औषध करू नका आणि कोणी जीवनसत्त्वाचं इंजेक्शन अंदाजाने टोचत असेल तर टोचू देऊ नका. अ जीवनसत्त्व जास्त झालं तर कातडी सोलून निघते. डोस वजनावर ठरतो आणि या कासवाचं वजन होतं 14 ग्रॅम.

तर मग वाढायचं काय? बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पाळीव कासवांची जात हीच, कानाजवळ लाल पट्ट्याची, अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. इंग्रजीत तिला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. लहानपणी ही कासवं किडे-मासे जास्त खातात, मोठी होतील तसा पाला जास्त खातात. पिल्लाला रोज द्यावं. वर्ष-दीड वर्षानंतर एक दिवसाआड पुरतं. पाण्यातल्या कासवांसाठी बनवलेले दाणे मिळतात, ते पायाला ठेवावेत. माशांचे दाणे नव्हेत. किती? कासवाच्या डोक्याएवढे, बस्स. कासव मान उंचावून बघतं तेव्हा ते उपाशीच वाटतं. आमच्या घरातली धाकटी मंडळीही दस्तरखानावरून उठल्यावर तासाभरात तसंच बघतात, म्हणून आपण त्यांना पुन्हा वाढत नाही.

दाण्यांच्या जोडीला पाला. इथे बिडकीनसारख्या गावाला शहरापेक्षा सोपं आहे. शेवग्याचा पाला दारात असतो आणि त्यात कॅल्शियम भरपूर. लाल भोपळा आणि गाजर किसून दिलं की अ जीवनसत्त्वाची बाजू सांभाळली जाते. रताळ्याची पानं, कोथिंबीर, जास्वंदीची पानं आणि फुलं चालतात. पालक, चुका, घोळ आपल्यासाठी चांगले, पण त्यांतलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवतं, तेव्हा ते क्वचित द्यावेत. कोबी रोज नको. काकडी म्हणजे पाणीच. फळ या जातीला फार लागत नाही, पपईची चकती महिन्यातून एकदोनदा पुरे. शेतातून पाला आणणार असाल तर फवारणी कधी झाली ते आधी विचारा. आठवडी बाजारातला पालाही दोन पाण्यांतून धुवा.

किड्या-माशांचा भाग आठवड्यातून एकदोनदा. पावसाळ्यात अंगणात गांडुळं निघतात, ती मुलांना गोळा करायला सांगा (ही कामगिरी मुलं फार आनंदाने करतात, अम्मी मंडळी कमी आनंदाने). छोटा ताजा मासा काट्यासकट द्यावा. बाजारातली सुकट नको, तिच्यात मीठ असतं. बिर्याणीतली बोटी धुऊन टाकली तरी नको. दूध, पाव, बिस्किट, भात, पोळी यांतलं काहीही नको. दुकानातली ती डबी असेलच घरात, तर खारीक-बदामासारखी कधीतरी वापरा, जेवण म्हणून नव्हे.

कॅल्शियमसाठी एक देशी युक्ती आम्हाला फार आवडली. परदेशात पाळीव पक्ष्यांना आणि कासवांना कटलफिश नावाच्या समुद्री प्राण्याचं पांढरं, ठिसूळ हाड देतात. तेच आपल्याकडे समुद्रफेन किंवा समंदरझाग म्हणून जुन्या पंसाऱ्यांकडे आणि युनानी जडीबुटीच्या दुकानांत मिळतं. हकीम लोक ते पूर्वीपासून वापरत आले आहेत. एक तुकडा पाण्यात टाकून ठेवायचा, कासव हवं तेव्हा कुरतडतं. आम्ही शहरात जुन्या बाजारात एका पंसाऱ्याकडे तो मागितला तेव्हा त्याने "कुणाला काय झालंय?" असं काळजीने विचारलं. कासवासाठी म्हटल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पण एवढं सगळं वाढून कासव अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर सारं वाया. कॅल्शियम हाडात बसायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते कासव उन्हातून मिळवतं. ऊन थेट हवं. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात उजेड असतो, उपयोगाचे किरण काच अडवते. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास पुरतं. बसायला पाण्याबाहेर एक कोरडा दगड हवा आणि भांड्याचा अर्धा भाग सावलीत हवा. ही सावलीची बाब मराठवाड्यात कुराणाच्या जुजदानासारखी जपावी. एप्रिल-मेमध्ये उन्हात ठेवलेलं उथळ पाणी चहासारखं तापतं आणि कासवाला पळून जायला जागा नसते. डिसेंबरच्या थंडीत उलटं. पाणी गार पडलं की पचन मंदावतं, कासव खात नाही. तेव्हा जबरदस्तीने भरवू नये, घरात उबेला ठेवावं. पोटात अन्न आणि अंग गार असेल तर ते आत सडतं.

पाण्याचा प्रश्न आपल्याकडे वेगळा सांगायला नको. ही कासवं पाण्यातच गिळू शकतात, जमिनीवर अन्न ठेवलं तर तोंडात घोळवत बसतात. म्हणजे खाणं पाण्यात आणि घाणही पाण्यात. नळाला पाणी येण्याच्या दिवसाची वाट बघणाऱ्या घरात रोज टब बदलणं परवडत नाही. यावर त्या मुलाच्या अम्मीनेच तोडगा काढला. खाण्यासाठी वेगळं छोटं घमेलं. दोन-तीन तांबे पाणी, वीस मिनिटं कासव त्यात, खाणं झालं की परत टबात. घमेल्यातलं पाणी पेरूच्या झाडाला. पेरू यंदा बरा लागलाय म्हणतात.

हे पाणी स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये मात्र ओतू नका आणि जिथे वुजू करता त्या मोरीतही भांडं धुऊ नका. कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात, कासव ठणठणीत असलं तरी. अमेरिकेत याच कारणाने 1975 साली चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी झाली. लहान कासवं मुलं हातात घेतात, तोंडाजवळ नेतात. आपल्याकडे विकली जातात ती नेमकी लहानच. हात लावल्यावर साबणाने धुणं हा नियम घरात पक्का करा. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती कासव देऊ नका. गरोदर बाई आणि आजारी म्हातारं माणूस यांनीही लांबूनच बघावं.

आता दादीचा सल्ला. उरलेलं कासव बघून त्या म्हणाल्या, "नाथसागरमें छोड़ दो बेटा, बेजुबान है, सवाब मिलेगा." नियत चांगलीच होती. नाथसागर बिडकीनपासून लांब नाही, पैठणच्या रस्त्याला लागलं की झालं. पण लाल पट्ट्याचं हे कासव तिथलं नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपने 1997 मध्ये त्याची आयात थांबवली. आपल्याकडे केरळात आणि आसामात लोकांनी सोडून दिलेली ही कासवं तळ्यांमध्ये सापडली आहेत. ती आपल्या कासवांचं अन्न आणि उन्हात बसण्याच्या जागा बळकावतात, रोगही देतात. जायकवाडीचा जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, गोदावरीच्या पाण्यात आपली स्वतःची मऊ पाठीची कासवं आहेत. एका बेजुबानावर दया करताना दुसऱ्या शंभर बेजुबानांच्या ताटात माती कालवायची, हे त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "फिर रखो घरमें, और क्या."

आणि उलटी चूकही होते. काही घरांत दुकानातलं नव्हे तर ओढ्यातलं, कालव्यातलं कासव आणलेलं असतं. बरकतीसाठी चांदणी पाठीचं कासव लपवून ठेवणारेही आहेत, त्यात सगळ्या धर्मांचे लोक आहेत. आपल्या देशी कासवांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. चिखलात राहणारं आणि पाय झाकून घेणारं साधं पाणकासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. ते घरात ठेवणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. चांदणी कासवाचा तर आंतरराष्ट्रीय व्यापारच 2019 मध्ये बंद झाला. अशी कासवं नीट खाऊ कशी घालावी हे आम्ही इथे सांगणार नाही. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा, तेच योग्य ठिकाणी पोचवतील.

आमच्या दादांच्या विहिरीत एक कासव होतं. पाणी साफ राहतं म्हणून विहिरीत कासव सोडायची जुनी पद्धत. आम्ही भावंडं काठावर पालथे पडून तासन्‌तास ते वर येण्याची वाट बघायचो. त्याला कोणी कधी काही टाकलं नाही. ते काय खात असेल, असा प्रश्न आम्हाला पडला नव्हता. एका उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा ते गाळात सापडलं, हलकं, रिकाम्या करवंटीसारखं. मराठीत म्हणतात, कासवी नुसत्या नजरेनेच पिलं पोसते. जुनी समजूत आहे, सुंदर आहे. खरी कासवी अंडी घालून निघून जाते, पिलं जन्मापासून एकटी असतात. नजरेने पोसायचा प्रयत्न आम्ही माणसंच करतो.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही लगेच दिलं नव्हतं. मांजरीला कोंडून ठेवून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस त्याला मदरशात शिकवलेली होती, म्हणून तो घाबरला होता. आम्ही त्याला दुसरी आठवण करून दिली, अबू उमैर नावाच्या लहानग्याची. त्याचा पाळलेला छोटा पक्षी मेला तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी त्याला रागावलं नाही, त्या पक्ष्याचं नाव घेऊन त्याची विचारपूस केली. मग सांगितलं, तुला माहीत नव्हतं आणि ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांनी तुला चुकीचं सांगितलं. त्यात दुकानदार आहे, त्यात आम्हीही आहोत. आता माहीत झालं आहे. तो काही बोलला नाही. डबा उघडून बघत राहिला.

डॉक्टरांनी औषध दिलं, डोळे रोज कोमट पाण्याने पुसायला सांगितले. नवव्या दिवशी एक डोळा किलकिला झाला, बाराव्या दिवशी दुसरा. भोपळ्याचा कीस त्याने पहिले चार दिवस नाकारला. ज्या कासवाला पाल्याची सवय नसते ते तो ओळखतच नाही. किसात एक दाणा कुस्करून मिसळला तेव्हा तोंड लावलं. मुलाला आम्ही सांगून ठेवलंय की हे कासव वाढणार आहे, जेवणाच्या ताटाएवढं होईल आणि बेताने सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगेल. तू नोकरीला लागशील, तुझा निकाह होईल, तेव्हाही हे असेल. हे ऐकून त्याच्या अम्मीने मामूंकडे ज्या नजरेने बघितलं, ते मामू विसरणार नाहीत. दुसरं कासव जोडीला आणायचं नाही, हेही त्याच बैठकीत ठरलं.

त्याने एक वही केली आहे. उजवीकडून उर्दूत काय खाल्लं ते लिहितो, डावीकडून मराठीत वजन. वजन शेजारच्या सोनाराच्या काट्यावर होतं, फुकट. सोनार म्हणतो, सोन्याच्या भावाने असं गिऱ्हाईक बरं. परवा वही बघितली. शेवग्याचा पाला, देठ सोडून सगळा. 23 ग्रॅम.